यकृत व पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियेतील रक्तवाहिन्यांच्या आकस्मिक इजा : उपचारांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शस्त्रक्रियेच्या इतिहासात यशस्वी शस्त्रक्रियांच्या नोंदी ठळक अक्षरांत आढळतात. शस्त्रक्रिया चालू असताना जे घडू नये ते घडले, तेव्हा शल्यचिकित्सकाने काय केले, याच्या नोंदी मात्र त्रोटक असतात. यकृत व पित्तमार्ग यांच्या शस्त्रक्रियांबाबत ही उणीव विशेष जाणवते. कारण या क्षेत्राची जवळजवळ सारी प्रगती रक्तस्रावाशी झालेल्या झगड्यातून घडलेली आहे. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंत या झगड्याचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा मागोवा घेतला आहे. या इतिहासातून एक गोष्ट वारंवार पुढे येते. रक्तवाहिनीची इजा रुग्णाला जितकी घातक ठरते, तितकेच, किंबहुना अधिक घातक ठरते ते इजा पाहून घाईने उचललेले पुढचे पाऊल.

यकृत हा रक्ताने ओतप्रोत भरलेला अवयव आहे. प्रौढ व्यक्तीच्या यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. म्हणजे हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा. हे रक्त दोन वाटांनी येते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले यकृतधमनीतून. आत आलेले सारे रक्त यकृतशिरांवाटे अधोमहाशिरेत जाते. या शिरा आखूड व पातळ भिंतीच्या असून यकृताच्या मागे दडलेल्या असतात. त्यातच यकृताचा गर इतका मऊ असतो, की साधा टाका ओढला तर धागा लोण्यातून जावा तसा आरपार निघतो. धमनी, पोर्टल शिरा आणि पित्तनलिका या तिन्ही वाहिन्या एका अरुंद पडद्यातून एकमेकींना खेटून यकृताकडे जातात. तेथे एकीला वाचविताना दुसरी सापडते.

प्रारंभीची असहायता

२४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरात एका मारेकऱ्याने सुऱ्याने वार केला. वार यकृतापर्यंत गेला होता आणि पोर्टल शिरा तुटली होती. शहरातील नामांकित शल्यचिकित्सक हजर असूनही काही तासांतच कार्नो यांचा मृत्यू झाला. ही शस्त्रक्रियेतील इजा नव्हे. तथापि त्या काळातील वैद्यकाची मर्यादा तिने जितकी उघड केली तितकी दुसऱ्या कोणत्या घटनेने क्वचितच केली असेल. मोठी रक्तवाहिनी तुटली तर ती बांधता येत होती, जोडता येत नव्हती; आणि पोर्टल शिरा बांधणे म्हणजे आतड्यांतील रक्ताची परतीची वाटच बंद करणे. त्या वेळी लिऑनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असलेल्या अलेक्सी कॅरेल या तरुणाच्या मनावर या घटनेचा खोल परिणाम झाला. शहरातील एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडून त्याने बारीक सुईचे कसब आत्मसात केले आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्या जोडण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या तोंडाला तीन ठिकाणी ताणाचे टाके घेऊन गोल कडेचा त्रिकोण करावयाचा व मग एकेक बाजू शिवावयाची, अशी ही पद्धत. १९१२ मध्ये कॅरेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रेशमी कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातून रक्तवाहिन्या शिवण्याची कला जगाला मिळावी, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

दरम्यान बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली होती. यकृताचा भाग कापून काढण्याच्या त्यांच्या ज्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. सुमारे ३७० ग्रॅम वजनाची गाठ काढून पोट शिवल्यानंतर काही तासांत आतून रक्तस्राव सुरू झाला. लांगेनबुख यांनी पोट पुन्हा उघडले, रक्तस्रावाची जागा शोधून ती बांधली आणि रुग्ण स्त्री वाचली. यकृताच्या नियोजित छेदनाची पहिली यशोगाथा म्हणून ही शस्त्रक्रिया सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध, म्हणजे दुसऱ्यांदा पोट उघडण्याचे धाडस, हा मात्र सहसा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक ती रुग्ण वाचली ती या दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे. पुढे १८९६ मध्ये कुझ्नेत्सॉव व पेन्स्की यांनी बोथट सुईने यकृतात खोल टाके घालण्याची रीत मांडली. टोकदार सुई वाटेतील वाहिनी भोसकते, बोथट सुई तिला बाजूला सारते, हा त्यामागील साधा विचार होता.

अंगठा आणि बोट

ग्लासगो हे कारखान्यांचे, गोद्यांचे आणि म्हणून अपघातांचे शहर होते. तेथील रॉयल इन्फर्मरीत जेम्स हॉगार्थ प्रिंगल काम करीत. त्यांचा जन्म १८६३ मध्ये ऑस्ट्रेलियातला. १९०८ मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात यकृताच्या अपघाती रक्तस्रावावर त्यांचा एक छोटेखानी लेख प्रसिद्ध झाला. यकृत फाटलेल्या रुग्णाचे पोट उघडले, की रक्ताचा लोंढा इतका येतो की काहीच दिसत नाही. अशा वेळी यकृताकडे जाणाऱ्या पडद्याची मोकळी कडा अंगठा व बोट यांच्या चिमटीत धरली, तर रक्ताचा ओघ थांबतो आणि जखम पाहावयास अवधी मिळतो, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले.

या लेखाचे वैशिष्ट्य असे, की तो यशाचा वृत्तांत नाही. प्रिंगल यांनी ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली ते वाचले नाहीत. काही तर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतही पोचले नव्हते. प्रिंगल यांनी सशांवर प्रयोग करून पाहिले आणि आपली कल्पना चुकीची नाही असे ठरविले. सगळे रुग्ण गमावलेल्या माणसाने, ‘तरीही ही रीत योग्य आहे’ असे छापून सांगण्यास जो बौद्धिक प्रामाणिकपणा लागतो, त्याची दखल वैद्यकीय ग्रंथांत फारशी घेतली गेलेली नाही. पुढे १९१३ मध्ये त्यांनी शिरेचा तुकडा वापरून धमनी सांधल्याच्या दोन रुग्णांचा वृत्तांतही दिला. म्हणजे कॅरेल यांचे काम त्यांच्या नजरेसमोर होते.

‘प्रिंगल यांची चिमटी’ आज जगभर वापरली जाते. तिचा उपयोग दुहेरी आहे. ती रक्त थांबविते आणि रक्त कोठून येते हेही सांगते. चिमटी धरल्यावर रक्त थांबले, तर इजा धमनीला किंवा पोर्टल शिरेला आहे. रक्त येतच राहिले, तर ते यकृतशिरांतून अथवा अधोमहाशिरेतून मागे उलटून येत आहे. किंवा त्या रुग्णात यकृतधमनीची एखादी शाखा जठराच्या धमनीपासून निघून निराळ्याच पडद्यातून यकृताला जात आहे. अंगठा आणि बोट यांपलीकडे कोणतेही साधन न वापरता केलेली ही तपासणी आजही बदलावी लागलेली नाही. यकृताला रक्ताविना किती वेळ ठेवता येईल, हा प्रश्न मात्र बराच काळ अनिर्णित होता. पंधरा मिनिटे बंद व पाच मिनिटे मोकळे, असे आलटून पालटून केल्यास यकृताला कमी इजा होते, हे पॅरिसजवळील क्लिशी येथील बेलघिती व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील तुलनात्मक अभ्यासाने दाखविले.

पित्ताशयालगतचा त्रिकोण

यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रिया तुलनेने थोड्या होतात. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया मात्र गावोगावी होते, आणि रक्तवाहिन्यांच्या आकस्मिक इजा बहुसंख्येने तिच्यातच घडतात. फ्रेंच शल्यचिकित्सक कालो यांनी १८९१ च्या सुमारास आपल्या प्रबंधात पित्ताशयाची नळी, यकृताची मुख्य पित्तनलिका आणि पित्ताशयाची धमनी यांनी बनलेल्या त्रिकोणाचे वर्णन केले. आज वरची बाजू म्हणून यकृताची खालची कडा धरली जाते. या चिमुकल्या जागेत उजवी यकृतधमनी कधी सरळ जाते, तर कधी सुरवंटासारखी वळण घेऊन थेट पित्ताशयाला टेकते. या वळणाला इंग्रज शल्यचिकित्सक मॉयनिहन यांचे नाव जोडले गेले आहे. वळण घेतलेल्या धमनीला पित्ताशयाची धमनी समजून बांधणे किती सोपे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस मायकेल्स यांनी २०० शवांचे विच्छेदन करून १९५५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ्यपुस्तकात ‘सामान्य’ म्हणून छापलेली धमन्यांची रचना सुमारे ५५ टक्के व्यक्तींतच आढळते, असे त्यांना दिसून आले. उरलेल्यांत डावी किंवा उजवी यकृतधमनी भलतीकडूनच येते. उजवी कधी आतड्याच्या धमनीपासून निघून पित्तनलिकेच्या मागून वर चढते. म्हणजेच शल्यचिकित्सक ज्या नकाशावर विसंबून आत शिरतो, तो जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या बाबतीत खोटा असतो.

त्रिकोणात रक्त आले, की त्या डबक्यात चिमटा घालून जे हाती लागेल ते पकडणे, ही शल्यचिकित्सकाची सहजप्रवृत्ती. तिच्यामुळे धमनीबरोबर पित्तनलिकाही चिमट्यात सापडे. एका इजेच्या जागी दोन होत. रक्त डोळे बांधते आणि बांधलेल्या डोळ्यांनी केलेले काम पित्तमार्गाला भोवते, याची जाणीव जुन्या पिढीतील सर्व अनुभवी शिक्षकांना होती. पित्तनलिकेच्या इजेची परिणती किती दूरवर पोचते, याचे गाजलेले उदाहरण ब्रिटनचे मुत्सद्दी अँथनी ईडन यांचे. एप्रिल १९५३ मध्ये लंडन येथे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या पित्तनलिकेला इजा झाली. त्याच महिन्यात पुन्हा पोट उघडावे लागले. जूनमध्ये बोस्टन येथे रिचर्ड कॅटेल यांनी दुरुस्ती केली. तरीही तापाची आवर्तने थांबली नाहीत, आणि १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाच्या ऐन तोंडावर पंतप्रधानपदी असलेले ईडन तीव्र तापाने रुग्णालयात होते. त्या आजाराचा त्यांच्या निर्णयांवर कितपत परिणाम झाला, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

बांधलेली धमनी

यकृतधमनी चुकून बांधली गेली तर रुग्ण मरतो, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दृढ होती. टोरांटोचे रॉस्को ग्रॅहम व कॅनेल यांनी १९३३ मध्ये अशा अपघाती बंधनाची प्रकाशित उदाहरणे एकत्र केली. त्यांत मृत्यूंचे प्रमाण मोठे होते. पण वाचलेलेही होते. हे वाचलेले रुग्ण म्हणजे एक कोडेच होते. प्रयोगशाळेत कुत्र्याची यकृतधमनी बांधली, तर तो बहुधा एकदोन दिवसांत दगावे.

हे कोडे उलगडण्यात टोरांटोच्याच जेकब मार्कोविट्झ यांचा वाटा मोठा आहे. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर ते जपान्यांचे युद्धकैदी झाले होते. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या चुंकाई छावणीत त्यांनी अपुऱ्या साधनांनिशी सडलेले पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि रक्त ढवळून, त्यातील गोठणारा अंश काढून, ते रुग्णांना दिले. युद्धानंतर ते पुन्हा प्रयोगशाळेत परतले. १९४९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की धमनी बांधलेल्या कुत्र्यांना पेनिसिलीन दिले तर ते जगतात. कुत्र्याच्या यकृतात मुळातच वास करणारे, प्राणवायूविना वाढणारे जंतू रक्तपुरवठा घटताच फोफावतात आणि तेच यकृत कुजवितात. धमनीचा अभाव हे मृत्यूचे एकमेव कारण नव्हते.

याच सुमारास मायकेल्स यांनी यकृताकडे रक्त नेऊ शकणाऱ्या पर्यायी वाटांची गणती करून त्या २६ पर्यंत असू शकतात असे दाखविले. या दोन्ही निष्कर्षांनी व्यवहार बदलला. पोर्टल शिरा शाबूत असेल, रक्तदाब टिकून असेल आणि पित्तमार्ग सुस्थितीत असेल, तर उजवी यकृतधमनी बांधली गेली तरी बहुतेक रुग्ण निभावतात. कारण यकृताच्या प्रवेशद्वारातील बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून डावीकडचे रक्त उजवीकडे पोचते. तेव्हा तुटलेली धमनी जोडण्याच्या अट्टहासापायी आणखी शोधाशोध करणे दरवेळी शहाणपणाचे नसते. पोर्टल शिरेच्या बाबतीत अशी मुभा नाही. तिची इजा दुरुस्त करावीच लागते.

पित्तनलिकाही तुटली असेल तर गणित बदलते. नॉर्थओव्हर व टरब्लांश यांनी १९७९ मध्ये दाखविले, की पित्तनलिकेचे रक्त तिच्या दोन्ही कडांनी, घड्याळातील तीन व नऊच्या जागी, धावणाऱ्या बारीक धमन्यांतून येते. सुमारे ६० टक्के खालून आणि ३८ टक्के वरून, मुख्यत्वे उजव्या यकृतधमनीकडून. नलिका तुटली म्हणजे खालचा पुरवठा तुटला. धमनीही गेली म्हणजे वरचा क्षीण झाला. अशा नलिकेवर लगेच केलेली जोडणी वरकरणी उत्तम दिसते आणि काही महिन्यांनी आक्रसते.

यकृतामागील शिरा

चिमटीने न थांबणारा रक्तस्राव, म्हणजे यकृतशिरा व अधोमहाशिरा यांची इजा, हे या क्षेत्रातील सर्वांत भयावह संकट. आधी आतला नकाशा समजणे आवश्यक होते. हाँगकाँगमध्ये काम केलेले स्कॉटिश वैद्य जेम्स कँटली, जे चिनी नेते सन यत्-सेन यांचे गुरू म्हणून अधिक ओळखले जातात, यांनी १८९७ च्या सुमारास यकृताची खरी विभागणी बाहेरून दिसणाऱ्या पडद्यापाशी नसून पित्ताशयापासून अधोमहाशिरेपर्यंतच्या रेषेत आहे, असे प्रतिपादिले. क्लोद क्विनो यांनी १९५७ च्या ग्रंथात आठ खंडांची रचना मांडली. त्याआधीच क्योतो येथे होंजो यांनी १९४९ मध्ये, तर पॅरिस येथे लॉर्ता-जाकोब यांनी वाहिन्यांवर आधी ताबा मिळवून यकृताचा उजवा भाग काढला होता. लॉर्ता-जाकोब यांचा १९५२ चा वृत्तांत पाश्चात्त्य जगात आदर्श ठरला. होंजो यांचा जपानी भाषेतील वृत्तांत मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला.

१९६६ मध्ये हीनी यांनी यकृताकडे येणारे व यकृताकडून जाणारे रक्त एकदमच थांबविण्याची पद्धत वर्णिली. १९६८ मध्ये श्रॉक यांनी हृदयाच्या कप्प्यातून अधोमहाशिरेत नळी सरकवून यकृताला वळसा घालण्याची युक्ती सुचविली. ती कागदावर निर्दोष होती. प्रत्यक्षात तिने वाचलेले रुग्ण फारच थोडे. त्याउलट जुनाट म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर टाकून दिलेली कापडाच्या घड्या दाबून बसविण्याची रीत १९७० च्या दशकानंतर नव्या रूपात परतली. घड्या दाबावयाच्या, पोट तात्पुरते झाकावयाचे, रुग्णाला ऊब व रक्त द्यावयाचे आणि एकदोन दिवसांनी, तयारीनिशी, घड्या काढावयाच्या. चतुर यंत्रणेपेक्षा कापडाची घडी श्रेष्ठ ठरावी, हे पुष्कळांना रुचले नाही. परंतु अनुभवाने कौल तिच्या बाजूने दिला. नियोजित शस्त्रक्रियांत आणखी एक उपाय भूलतज्ज्ञांकडून आला. मोठ्या शिरांतील दाब कमी ठेवला, तर यकृतशिरेला पडलेल्या छिद्रातून रक्त कमी येते. हे तत्त्व १९९० च्या दशकात सर्वमान्य झाले. शिरेत हवा ओढली जाण्याचा धोका त्यात आहेच. म्हणून छिद्रावर आधी बोट ठेवणे महत्त्वाचे.

दुर्बिणीचे युग

एरिख म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील बोब्लिंगेन येथे आणि फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये लिऑन येथे दुर्बिणीतून पित्ताशय काढले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. रुग्णाच्या वेदना व रुग्णालयातील दिवस घटले. त्याचबरोबर शल्यचिकित्सकाचे बोट पोटाबाहेर राहिले. प्रिंगल यांची चिमटी हाताशी उरली नाही. थेंबभर रक्ताने भिंग माखते, तर मोठी केलेली प्रतिमा किरकोळ रक्तस्रावालाही पुराचे रूप देते. घाईला यापेक्षा अनुकूल परिस्थिती ती कोणती?

लॉरेन्स वे व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दुर्बिणीतून झालेल्या पित्तनलिकेच्या २५२ इजांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण हस्तकौशल्याची उणीव नसून दृष्टिभ्रम होता. मुख्य नलिका ही पित्ताशयाचीच नळी आहे, असे शल्यचिकित्सकाला मनापासून दिसत होते. त्याच गटाच्या २००४ मधील अभ्यासात २६१ इजांपैकी ८४ मध्ये, म्हणजे सुमारे ३२ टक्क्यांत, उजवी यकृतधमनीही दुखावलेली आढळली. यावरील प्रतिबंधक उपाय स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्येच मांडला होता : त्रिकोण चरबी व तंतूंपासून पूर्ण मोकळा करावा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच वाहिन्या दिसल्याशिवाय काहीही कापू नये.

स्ट्रासबर्ग व खाऊमा यांनी २०१२ मध्ये नोंदविलेली काही प्रकरणे अधिक अस्वस्थ करणारी आहेत. सुजलेल्या पित्ताशयात अडचण आली म्हणून पोट उघडले आणि जुन्या पिढीने निर्धोक म्हणून शिकविलेल्या रीतीने पित्ताशय वरून खाली सोडवीत नेले. परंतु दाहामुळे पित्ताशय व यकृताचे प्रवेशद्वार एकजीव झाले होते. सुरी आत घसरली. धमनी, पित्तनलिका आणि पोर्टल शिरा तिन्ही दुखावल्या. अशा इजेनंतर यकृताचा उजवा भाग काढणे किंवा यकृताचे प्रत्यारोपण करणे, याखेरीज पर्याय उरत नाही, आणि कित्येकदा तोही वेळेवर लाभत नाही. म्हणून आज अशा प्रसंगी पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून थांबण्यास मान्यता आहे.

दुर्बिणीतील रक्तस्रावासाठी आजची शिकवण जुन्याच मुद्द्यावर येऊन ठेपते. रक्त दिसताच चिमटा अथवा विद्युत्प्रवाह न वापरता पित्ताशयाचाच सैल भाग किंवा कापडाची छोटी घडी जागेवर दाबून धरावी, काही मिनिटे थांबावे, भिंग पुसावे, मग पाहावे. पित्ताशयाच्या गादीलगत मधल्या यकृतशिरेची फांदी असल्यास काळपट रक्त येते. पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने ते थांबल्यासारखे भासते, म्हणून वायू कमी करून खात्री करावी लागते. इजा आपल्या आवाक्याबाहेरची असेल, तर घड्या दाबून रुग्णाला तज्ज्ञ केंद्राकडे पाठविणे हा पराभव मानला जात नाही. काही आठवड्यांनी धमनीला फुगा येऊन पित्तमार्गात रक्त उतरू शकते. सँडब्लोम यांनी १९४८ मध्ये या अवस्थेला ‘हिमोबिलिया’ हे नाव दिले. तिच्यासाठी आता बहुधा पोट उघडावे लागत नाही. मांडीच्या धमनीतून नळी सरकवून फुगा बंद केला जातो.

दुर्बिणीतून यकृताचा भाग काढताना प्रिंगल यांची चिमटीही नव्या वेषात परतली आहे. शस्त्रक्रियेच्या आरंभीच, रक्ताचा थेंबही सांडण्यापूर्वी, वाहिन्यांच्या पडद्याभोवती एक फीत फिरवितात आणि तिची दोन्ही टोके नळीतून पोटाबाहेर काढून ठेवतात. गरज पडताच साहाय्यक फीत ओढून नळी खाली दाबतो आणि घड्याळाकडे पाहत मिनिटे मोठ्याने मोजू लागतो.